‘मोर्चा टू’मधली आमची पलटण

जिंकलेल्या दिवसांचं विचाराल तर मला एकही धड आठवत नाही. पण ज्या दिवशी फोन भिंतीवर आपटावासा वाटला, तो दिवस अंगावरच्या साडीच्या रंगासकट आठवतो. असे दिवस आमच्याकडे इतके साठलेत, की आम्ही चौघं भेटलो की चहा निवून जातो आणि राग मात्र नव्यानं उकळायला लागतो!

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी वर्षा. सिंदेवाहीत माझं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे. प्रशांत आरमोरीचा, राइस मिलवर मशीन चालवतो. आवाज मिलच्या पट्ट्यासारखा, बंद करायला विसरलेला. नामदेवभाऊ सावलीचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आणि सुमन. ती धानोऱ्याच्या पुढं आत जंगलात, उपकेंद्रावर नर्स आहे. तिचं गावही तिथलंच. घरी गोंडी बोलते, आमच्याशी मराठी, आणि खेळताना फारसं काहीच बोलत नाही. नेम मात्र असा, की समोरच्याला आपण मेलो हे कळायला वेळ लागतो.

आमची ओळख झाली ‘मोर्चा’ नावाच्या मोबाइल गेममध्ये. फौजी गेम. चार जणांची एक पलटण, समोर दुसरी पलटण, कानात हेडफोन, आणि एकमेकांवर ओरडत लढायचं. वय, गाव, शिक्षण कोणी विचारत नाही. म्हणजे, विचारत नव्हतं. मग त्याचा दुसरा भाग आला!

*

पहिला ‘मोर्चा’ गरीब स्वभावाचा होता. जुन्यापान्या फोनवर चालायचा, नेटवर्कची एक काडी असली तरी चालायचा. सुमन उपकेंद्राच्या पायरीवर बसून खेळायची, कारण काडी फक्त पायरीवरच यायची.

‘मोर्चा टू’ आला आणि कंपनीनं त्याच दिवशी जुना गेम बंद केला. नवा एवढा मोठा, की सुमनच्या पायरीवर तो पावसाळ्यापर्यंत उतरला नसता. शेवटी सुट्टी काढून ती गडचिरोलीला मावसबहिणीकडे गेली, कारण तिथं वायफाय होतं. दिवसभर फोन चार्जिंगला लावून बसली. पूर्ण डाऊनलोड झालं, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर आलं, ‘हा गेम आपल्या फोनवर चालणार नाही.’

तिनं मला फोन केला. सुमनचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

“वर्षाताई, पूर्ण उतरू देल्लं अन् मंग सांगते चालत नाई म्हणून! आधी सांगाले तोंड नव्हतं काय?”

नामदेवभाऊंना हे कळलं तेव्हा ते तर थेट कंपनीच्या मालकावर घसरले. “अरे, नवी गाडी रस्त्याले लागेपर्यंत जुनी डेपोत उभी ठेवत असतेत. ह्यायनं जुनी भंगारात देल्ली, अन् नवीले चाकंच नाईत!”

सुमननं पुढं नवा फोन घेतला. पण त्या दिवसापासून ती गेम उघडताना दरवेळी आधी म्हणते, “चालते काय रे बाप्पा?”

*

नावावरूनही कमी वैताग झाला नाही.

प्रशांत रोज दुपारी आईला सांगायचा, “आज सहा वाजता मोर्चा आहे, चहा लवकर दे.” एकदा आईनं विचारलं, “कायचा मोर्चा रे? आपल्या रस्त्याचा काय?” याच्या कानात हेडफोन. काय विचारलं ते ऐकलंच नाही, आणि म्हणाला, “हाव.”

त्यांच्या गल्लीचा रस्ता म्हणजे खड्ड्यांच्या मधेमधे कुठंतरी डांबर. आईला पोराचा अभिमान वाटला. तिनं शेजारी सांगितलं, शेजारणीनं पुढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला दारात गल्लीतल्या बाया उभ्या! कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या डोक्यावर पदर घट्ट बांधलेला. “प्रशांतभाऊ, निंगा! आमीबी येतो मोर्च्याले!”

प्रशांतभाऊ खाटेवर उताणे पडून आमच्याशी बोलत होते. “डाव्या बाजूनं घुसा, डाव्या बाजूनं!”

आईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बायांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. आणि अशी कडाडली, की तिकडं सावली गावात नामदेवभाऊंनी कानातला हेडफोन काढला. “गल्ली रस्त्यासाठी उभी झाली, अन् हा खाटेवर झोपून मोर्चा काढते!”

मग बाया थांबल्या नाहीत. प्रशांतला पुढं घातलं आणि खरोखरच नगरसेवकाच्या दारात जाऊन निवेदन देऊन आल्या. आमची मॅच गेली.

रस्ता? रस्ता अजून तसाच आहे!

*

आता नामदेवभाऊंचं सांगते, कारण प्रशांतचं बीपी वाढवण्यात कंपनीनंतर त्यांचाच नंबर लागतो.

भाऊ बंदूक हातात घेत नाहीत. ते फक्त जीप चालवतात. ‘मोर्चा टू’मध्ये डोंगराचे रस्ते आले, घाट आले, आणि भाऊ खुलले. आम्ही तिघं मागं बसायचं, भाऊ आम्हाला शत्रूच्या अड्ड्याजवळ गुपचूप सोडणार, असं ठरलेलं. गुपचूप जाता जाता वळणावर भाऊंनी लांबलचक हॉर्न दिला! पुढच्या क्षणी चारही बाजूंनी गोळ्या. आम्ही खलास.

“भाऊ! हॉर्न काऊन वाजवला?”

“आंधळं वळण होतं ना.”

“वळणाच्या पल्याड दुश्मन होते!”

“मंग?” भाऊ शांतपणे म्हणाले. “त्यायले नको समजाले गाडी येऊन राह्यली म्हणून?”

प्रशांतनं त्या संध्याकाळी चार्जर फेकला. फोन हातात राहिला एवढंच नशीब.

*

‘मोर्चा टू’मध्ये कंपनीनं मराठीची सोय केली. म्हणजे कंपनीच्या मते केली. मला आधी बरं वाटलं. म्हटलं, कोणाला तरी आपली आठवण झाली. सेटिंगमध्ये जाऊन चौघांनीही मराठी निवडली.

पहिल्याच मॅचमध्ये माझ्या बंदुकीतल्या गोळ्या संपल्या आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, ‘तुमचे मासिक संपले आहे. नवीन मासिक उचला.’ मॅगझिनचं भाषांतर! मी दुकानात एकटीच ओरडले. तिकडं सुमन एवढी हसली की तिला गोळी लागली. त्यावर तिच्या स्क्रीनवर आलं, ‘तुम्ही मारले गेला आहात. अभिनंदन!’

नामदेवभाऊ जखमी होऊन पडले, तर गेम म्हणाला, ‘मित्राला झाका.’ म्हणजे ‘कव्हर’ द्या! भाऊ माइकवर विचारतात, “कशानं झाकू? अन् मित्र कोण, मीच तर पडलो!”

मी चिडून कंपनीला लांब मेसेज लिहिला. लिहिलं, की आम्हाला मराठी देताय तर माणसाकडून लिहून घ्या, यंत्राकडून नको. तुमच्या देशात तुमच्या भाषेची अशी कोणी थट्टा केली तर चालेल का? अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, तेही मराठीत. ‘तुमची तक्रार आम्हाला आवडली. कृपया स्वतःला काढून टाका आणि पुन्हा बसवा.’

*

हसून झालं असेल तर आता हे ऐका. यात मला आजही हसू येत नाही.

एका संध्याकाळी आमची मॅच रंगात आली होती आणि सुमन एकदम म्हणाली, “चालली मी.” बस, गेली. तिच्या उपकेंद्रावर खाटेवरून एक पोरगी आणली होती, बाळंतपणाची. पहिलटकरीण. नाल्याला पाणी, गाडी यायला वेळ. आम्ही तिघं खेळलो, हरलो, आणि मग हरल्याचं विसरून फोनकडे बघत बसलो. भाऊ मधेच विचारायचे, “आला काय मेसेज?”

बऱ्याच वेळानं मेसेज आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

सकाळी सुमननं गेम उघडला. तिच्या नावापुढं लाल शिक्का मारलेला, ‘पळपुटा सैनिक’. खाली लिहिलेलं, ‘कर्तव्यावरून पळून गेल्याबद्दल आपणास खेळण्यास मनाई करण्यात येत आहे.’

कर्तव्यावरून!

मी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. पुन्हा कंपनीला लिहिलं. या वेळी सगळं लिहिलं, नाल्याचं, खाटेचं, त्या पोरीचं. उत्तर आलं, ‘पुढील वेळी कृपया सामना पूर्ण करून मगच वैयक्तिक कामे करावीत.’

प्रशांतनं ते वाचलं आणि जे बोलला ते मी इथं लिहू शकत नाही. सुमन मात्र म्हणाली, “जाऊ द्या ना ताई. त्या पोरीच्या मायनं मले कोंबडा आणून देल्ला. कंपनीनं शिक्का देल्ला. ज्याच्यापाशी जे असते, थे थो देते.”

*

आमच्यातला कोणी गैरहजर असला, की गेम एखादा अनोळखी खेळाडू पलटणीत घालतो. एकदा प्रशांत मिलवर अडकला आणि त्याच्या जागी कुठल्या तरी मोठ्या शहरातला पोरगा आला. माझा आवाज ऐकला आणि सुरू झाला. “अरे, लडकी है! मॅडम, गॅस बंद किया क्या? रोटी जल जाएगी!”

मी म्हटलं, “रोटी का छोड, तेरे पीछे दुश्मन खडा है.” तेवढ्यात मेला. मेल्यावर जिवंत झाला, आणि जास्तच चिडला. “कहाँ से खेलती हो तुम लोग? इतना लॅग! सब अटक रहा है!”

सुमननं सरळ सांगितलं, “गडचिरोली.”

“ओहो! नक्षली! असली गन है क्या घर में? दिखा ना!”

आणि तो हसत सुटला. आमच्याकडच्या माणसाला हे नवीन नाही. नागपूरला लग्नात जा, पुण्याला परीक्षेला जा, गाव सांगितलं की समोरचा एक तर दचकतो, नाही तर असा हसतो. पण कानाला हेडफोन लावलेला असताना ते हसू थेट डोक्यात जातं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमन बोलली. आवाज नेहमीसारखाच, सपाट.

“नहीं भैया. सुई है. बच्चों को लगाती हूं. तुम मरने के बाद जितना रोते हो ना, उतना तो वो भी नहीं रोते.”

पोरानं तक्रार ठोकली. आणि कंपनीनं काय करावं? सुमनचा माइक बंद केला! कारण, ‘असभ्य वर्तन’. त्या पोराला काही नाही. गॅस, रोटी, नक्षली, हे सगळं सभ्य!

मग नामदेवभाऊ मधे आले. ते त्या पोराला म्हणाले, “आओ भैया, जीप में बैठो. आगे छोडता हूं.” पोरगा बसला. भाऊंनी जीप काढली, रस्ता सोडला, किनारा सोडला, आणि थेट नदीच्या मधोमध नेली. जीप बुडायला लागली. भाऊ उडी मारून बाहेर पडले. गेममध्ये पोहताही येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

बुडता बुडता पोरगा ओरडला, “अंकल, ये क्या कर रहे हो!”

भाऊ म्हणाले, “लास्ट स्टॉप आहे. उतरा.”

*

ग्रेनेडचा किस्सा दोन भागांत आहे.

माझ्या दुकानाचा गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. फोटो तयार झाले, लॅमिनेशन झालं, असले मेसेज टाकायचे. एका दुपारी गडबडीत मी पलटणीचा मेसेज त्या ग्रुपवर टाकला. ‘आज सहाला पुलाजवळ. ग्रेनेड मी आणते. सुमन, तू टेकडीवरून टिप.’

तासाभरात साध्या शर्टातले एक वयस्क हवालदार दुकानात येऊन बसले. मी गेम दाखवला, पलटण दाखवली, नामदेवभाऊंची जीपसुद्धा दाखवली. त्यांनी सगळं नीट पाहिलं. हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून म्हणाले, “ताई, तुमी कुठी राहून राह्यल्या, हे विसरल्या काय? पुण्या-मुंबईत असा मेसेज गंमत असते. इथी आमचं अर्धं आयुष्य असे मेसेज खरे निंगण्यात गेलं. त्यात आमचे काही दोस्तबी गेले.”

मला त्यांचा राग आला नाही. पण राग आला होता एवढं नक्की. एक शब्द. बाकीच्या राज्यातली पोरं तो गल्लीत ओरडत खेळतात, आणि आम्ही तो उच्चारला तर दुकानात साध्या शर्टातला माणूस येऊन बसतो. आणि तो येतो तेव्हा त्याचंही चुकत नाही! मग रागवायचं कोणावर?

त्या दिवशी आम्ही आमचे शब्द बदलले. ग्रेनेड म्हणजे नारळ. गोळ्या म्हणजे तांदूळ. आणि दुश्मन म्हणजे पाव्हणे.

आता दुसरा भाग. प्रशांतच्या बहिणीला, रेणूला, ब्रह्मपुरीकडून बघायला येणार होते. घर सारवून-पुसून तयार, आई पोह्यांत गुंतलेली. पाहुणे यायला अवकाश होता म्हणून प्रशांत आतल्या खोलीत एक मॅच खेळायला बसला. आम्ही तिघं लाइनवर. मॅच अगदी शेवटाला आली आणि प्रशांत त्याच्या मिलच्या आवाजात ओरडला, “पाव्हणे दारात आले! नारळ फेका, नारळ! एकबी परत गेला नाई पाह्यजे!”

त्याच्या माइकमधून आम्हाला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आधी दारात चपला थांबल्याचा आवाज. मग कोणीतरी खाकरलं. मग आईचा आवाज, “प्रशांत!”

नामदेवभाऊ हळूच म्हणाले, “प्रशांत, खरे पाव्हणे दिसतेत.”

पाहुण्यांनी पोह्यांना हात लावला तो लावल्यासारखा, आणि ‘कळवतो’ म्हणून गेले. कळवलं नाही. रेणू चिडली, आई चिडली, शेजारच्या काकूसुद्धा चिडल्या, ज्यांचा काही संबंध नव्हता. रेणूनं भावाशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण आपटून. हे कितीतरी दिवस चाललं. शेवटी प्रशांतनं हात जोडले. “बाई, शिव्या दे, पण बोल ना!”

रेणू म्हणाली, “शिव्या कायले देऊ? बरंच झालं. थो पोरगा पोह्यातले शेंगदाणे एकेक वेचून आपल्या मायच्या ताटात टाकत होता.”

*

आता शेवटचा. हा आम्ही एकमेकांना सांगत नाही. कोणी पाहुणा आला तर त्याला सांगतो.

यंदाच्या उन्हाळ्यात ‘मोर्चा टू’मध्ये नवा नकाशा आला. कंपनीनं मोठा गाजावाजा केला, ‘भारतातलं अस्सल जंगल!’ आम्ही खूश. म्हटलं, चला, आता तरी बर्फ आणि वाळवंट सुटलं.

नकाशा उघडला. साग, बांबू, लाल मातीची पायवाट. पायवाटेच्या शेवटी एक गाव. कुडाच्या भिंती, कौलं, अंगणात खाट, चुलीतून धूर. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. कोपऱ्यात बांबूची, शेणानं सारवलेली धान्याची ढोली. माणूस मात्र एकही नाही. आणि वर लाल अक्षरांत हुकूम, ‘शत्रूचा धान्यसाठा जाळा.’ जी पलटण आधी जाळेल ती जिंकली.

आम्ही पळत सुटलो. सुमन थांबली.

“सुमन, चल ना! काय झालं?”

स्क्रीनवर ती खाटेभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, “हे आमचं अंगण आहे.” आणि गेममधून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रशांत तिच्यावर चिडला. “बाई, गेम आहे थो! गावात मानसंच नाईत, तर कोणाचं काय जळते?”

सुमननं विचारलं, “तुही राइस मिल टाकाले सांगू काय कंपनीले? जाळून दाखवशील?”

प्रशांतनं त्या दिवशी मॅच लावलीच नाही.

चंद्रपूरला ‘मोर्चा टू’ची स्पर्धा होणार होती आणि तिथं आमचं नाव आधीच दिलेलं होतं. सुमन म्हणाली, “मी येते. पण जंगल आलं, तर मी जाळणार नाई. आत्ताच सांगून ठेवते.” आम्ही म्हटलं, एवढे नकाशे आहेत, जंगलच कशाला येईल?

हॉल पोरांनी भरलेला. भिंतीवर मोठा पडदा, आणि माइक घेऊन एक निवेदक, छताखाली असूनही काळा चष्मा लावलेला. आम्ही दोन मॅच जिंकलो. नामदेवभाऊंना तर पोरं ‘दादाजी, दादाजी’ म्हणून आरोळ्या देत होती. फायनलला समोर शहरातली चार कॉलेजची पोरं, चौघांच्या अंगावर सारखे टी-शर्ट. नकाशाची चिठ्ठी निघाली.

जंगल.

मी सुमनकडे पाहिलं. ती हेडफोन नीट करत होती.

मॅच सुरू झाली. सुमन सगळ्यांच्या पुढं पळाली, पायवाटेनं नव्हे, बांबूच्या मधून, अंगणातला मोहा टाळून. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. ढोलीपाशी सगळ्यात आधी ती पोचली. निवेदक बेभान झाला. “सिंदेवाही की टीम! सिर्फ एक बटन! आग लगा दो! लगा दो आग!”

सुमननं ढोलीकडे पाठ केली आणि बंदूक बाहेरच्या दिशेनं धरून उभी राहिली.

हॉलमध्ये आधी कोणाला कळलंच नाही. मग शिट्ट्या, मग आरडाओरडा. “नेटवर्क गया क्या?” “अरे बटन दबा!” मी जाऊन तिच्या डावीकडे उभी राहिले. ठरवून नाही. पाय तिकडे गेले. नामदेवभाऊंनी जीप आणून अंगणाच्या तोंडाशी आडवी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेतली. प्रशांत अजून पायवाटेवरच होता. मी शेजारच्या खुर्चीत त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल, दात आवळलेले. मला वाटलं, हा आता उठून जाणार. पडद्यावर तो धावत आला, ढोलीच्या उजवीकडे उभा राहिला, आणि हॉलला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, “या म्हणा आता, कोण येते थे!”

ती पोरं आली. आम्ही त्यांना पाडलं. ती पुन्हा जिवंत होऊन आली, पुन्हा पाडलं. दोनदा भाऊ पडले, एकदा मी. सुमन जागची हलली नाही. वेळ संपली तेव्हा ढोली उभी होती आणि पडद्यावर आलं, ‘दोन्ही संघ अपयशी.’

आयोजक स्टेजवर धावत आला. त्याचा ट्रॉफीचा कार्यक्रम बोंबलला होता, पाहुणे खोळंबले होते. समोरची पोरं वेगळीच भडकलेली. एक जण सुमनसमोर येऊन म्हणाला, “ताई, तुम्ही जिंकलेल्या होत्या! आम्हालाही जिंकू दिलं नाही! हे काय खेळणं झालं?” निवेदकानं काळा चष्मा कपाळावर चढवला, माइक सुमनच्या तोंडापुढं धरला आणि सगळ्या हॉलदेखत विचारलं, “मॅडम, सामने दुश्मन का अनाज था. जलाया क्यों नहीं?”

सुमननं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिचे डोळे लाल होते, पण आवाज तोच, उपकेंद्रावर नाव विचारताना असतो तसा.

“घरचे मानसं वावरात गेले होते. थे येतपर्यंत थांबलो.”